छोटा जोड

हिराने दादाला सांगितलं, तिथेच तिचं चुकलं.

खरं तर सांगायची काही गरजच नव्हती. मंचरला बटाट्याच्या वखारीमागच्या चाळीत तिची स्वतःची भाड्याची खोली होती, जवळच्या वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला अकरा वर्षं झाली होती, आणि वयाची छत्तिशी ओलांडली होती. पण संक्रांतीला ती आळ्याला माहेरी गेली, तेव्हा भावजयीने वाण देता देता विचारलं, "वन्सं, औंदा काय नवीन?" आणि हिरा बोलून गेली, "एक म्युझिक सिस्टिम घेईन म्हणते. लहानशी."

ओट्यावर बसलेल्या सावळेरामाने मान वर केली. "एकटी जाऊ नको दुकानात. बाईमाणूस बघितलं की कायबी गळ्यात मारत्यात. मी यतो."

सावळेराम तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यांचे वडील ज्योतिबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. सावळेरामाने मेंढरं मोडली, विहीर पाडली आणि कांदा पिकवायला लागला. हिराचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि दीड वर्षात ती पाठीवर वळ घेऊन परत आली, तेव्हा हाच भाऊ एसटीने तिच्याबरोबर जुन्नरला गेला होता, दिवसभर कॉलेजच्या पायरीवर बसून तिचा फॉर्म भरून आणला होता. ते तो विसरला नव्हता. तिलाही विसरू देत नव्हता. मग तो 'यतो' म्हणाल्यावर 'नको' कोणत्या तोंडाने म्हणायचं?

ही सिस्टिमची हौस तिच्या मनात शिरली ती पुण्यात. प्रशिक्षणासाठी गेली असताना ती अश्विनी नावाच्या शिक्षिकेकडे चार दिवस राहिली. अश्विनीच्या खोलीत शब्दकोशाएवढे दोन लाकडी बॉक्स होते. एका संध्याकाळी तिने ख्यालाची कॅसेट लावली आणि हातात चहाची कपबशी घेतलेली हिरा तशीच उभी राहिली. सकाळच्या भाकरी थापताना ती वर्षानुवर्षं रेडिओवर गाणं ऐकत आली होती. पण तिथे सगळं एकाच भोकातून यायचं. इथे तंबोरा डावीकडे होता, तबला उजवीकडे, आणि मधोमध, जिथे भिंतीवर कॅलेंडर टांगलं होतं तिथे, बाई बसून गात होती. आलाप उचलण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला. 'आपल्याला हे पाहिजे,' हिराच्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मंचरला परत आल्यावर ती चिमाजीआबांकडे गेली. एसटी स्टँडाशेजारी आबांची रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. आबांनी दुसऱ्याच दिवशी येऊन तिची खोली पाहिली. दहा बाय बारा, त्यातच ओटा आणि मोरी. पत्र्याचं कपाट, लोखंडी खाट, भांड्यांची मांडणी. आबांनी भिंतीवर टिचक्या मारल्या, टाळी वाजवून कान दिला.

"पोरी, मोठ्या बॉक्सच्या नादाला लागू नको. इवल्याशा खोलीत मोठा बॉक्स म्हंजी घागरीत तोंड घालून वरडल्यासारखं. छोटा जोड घे. भिंतीपासनं वीतभर फुडं ठेव, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा. आन् खोक्यावर हजारानं वॅट लिवल्यात ना, ती निव्वळ थाप असती. त्यो आकडा वाचूच नको. कानानं घे."

हिराने ते सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मोठ्या हौसेने तिने एक कॅसेटही विकत आणली, तपासून पाहायला.

मग माघातला एक शनिवार उजाडला. सकाळची शाळा सुटली तशी ती आणि सावळेराम हायवेवरच्या पप्पूशेठच्या दुकानात गेले. दाराशीच पप्पूशेठ उठला, हिराच्या अंगावरून नजर तशीच पलीकडे नेऊन म्हणाला, "या पावणं! काय दाखवू?"

"मला छोटी सिस्टिम बघायची आहे," हिरा म्हणाली.

"बसा ना बाई, बसा. तुमच्यासाठी थंड मागवतो." आणि सावळेरामाकडे वळून, "भाऊ, हा बघा. आत्ताच आलाय. चार हजार वॅट. गल्ली हलेल."

कमरेएवढे दोन बॉक्स, मधे मशीन, आणि त्यावर लाल-हिरवे दिवे वरखाली पळणारे. पप्पूशेठने कळ फिरवली. दुकानाच्या काचा थरथरल्या. सावळेरामाच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू आलं.

"गल्ली कशाला हलवायची?" हिराने आवाज चढवून विचारलं. "मला खोलीत ऐकायचंय."

"बाई विनोदी आहेत तुमच्या," पप्पूशेठ सावळेरामाला म्हणाला.

तिने वरच्या फळीवरच्या छोट्या काळ्या जोडाकडे बोट दाखवलं. तो खाली काढायला वेळ लागेल, पप्पूशेठ म्हणाला. तिने कॅसेट पुढे केली, ती त्याने मोठ्याच मशीनमध्ये घातली, अर्धा मिनिट वाजवली आणि परत दिली. तिने बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरविषयी, ट्विटरविषयी विचारलं, त्याचं उत्तर त्याने सावळेरामाला दिलं. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी हिराने प्रश्नच विचारला नाही. घड्याळात साडेबारा वाजले होते आणि एक वाजता शाळेत केंद्रप्रमुख बैठकीला येणार होते. तिने पर्समधून पाकीट काढून भावाच्या हातात दिलं.

"दादा, नीट ऐक. तो वरचा काळा छोटा जोड. तोच. बांधून घे आणि शेजारच्या साळुमावशीकडून किल्ली घेऊन खोलीत ठेव."

"तू जा गं. मी हाय न्हवं?"

संध्याकाळी साडेपाचला ती चाळीत परत आली तर शेजारची साळुबाई पायरीवर तिचीच वाट पाहत होती. "हिराबाई, तुमचं भाऊ गेलं बरं का तिनाच्या गाडीनं. म्हणलं, छोट्यात दम नव्हता, मोठं घेतलंय म्हणून सांगा."

हिराने दार ढकललं. ते पुरतं उघडलंच नाही. दारामागे एक बॉक्स होता. दुसरा कपाटाला टेकून, त्यामुळे कपाटाचं दार बंदच राहणार. मशीन खाटेच्या उशाला, स्टुलावर. आणि तिच्या वह्यांचा गठ्ठा, जो त्या स्टुलावर असायचा, तो मोरीच्या कठड्यावर. खालच्या दोन वह्या भिजल्या होत्या. चौथीच्या पोरांचे निबंध.

तिने आधी वह्या उचलून खाटेवर पसरल्या. मग हात पुसले, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. आवाज अगदी खाली ठेवला तरी तबल्याचा डग्गा खोलीभर लोळत सुटला. मांडणीवरच्या ताटल्या वाजायला लागल्या. बाईचा गळा कुठेतरी खाली, खोल विहिरीतून आल्यासारखा.

साळुबाई दारातून म्हणाली, "आवो, माझ्या माठातलं पाणी हाललं!"

हिराने बटण बंद केलं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर घट्ट बसलेत, इतके की कानशिलं दुखतायत. पाठीवर वळ घेऊन आली त्या दिवशी तिला रडू आलं होतं. आज रडू येत नव्हतं. सासरी मारलं, ते लोक परके होते. इथे तर सगळं स्वच्छ सांगितलं होतं, बोट दाखवून सांगितलं होतं, आपल्या माणसाला सांगितलं होतं. आणि त्याने ते ऐकलंच नव्हतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं तरी एक वेळ समजलं असतं. तिचं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं, जसं पप्पूशेठच्या पोचलं नाही.

रविवारी सकाळी तिने हमालाला बोलावलं, सगळं हातगाडीवर लादलं आणि हातगाडीच्या मागे चालत पप्पूशेठच्या दुकानापर्यंत गेली. रस्त्यात दोन पालकांनी नमस्कार केला, तिने नुसती मान हलवली.

"हे परत घ्या. आणि छोटा जोड दाखवा."

पप्पूशेठ हसला. "बाई, असं परत नाही घेता येत. आणि बिल तर भाऊंच्या नावावर आहे. ते यायला पाहिजेत."

"माझी वस्तू, बिल त्यांच्या नावावर का?"

"भाऊच म्हणाले. गॅरंटी कार्डपण त्यांच्याच नावावर केलंय, आळ्याच्या पत्त्यावर." मग तिला थंड करायला म्हणून तो पुढे बोलला, आणि बोलून फसला. "चैत्रात न्यायचाच आहे ना तो गावाला? भैरवनाथाच्या यात्रेला. माईक जोडायला भोक आहे का तेपण भाऊंनी बघून घेतलं. तोवर बहिणीकडे राहील म्हणाले."

हिराने गाडीवरच्या बॉक्सांकडे पाहिलं. मग तिने हमालाला सांगितलं, "एक बॉक्स इथे दारात ठेव." आणि त्या बॉक्सवर ती बसली.

"बाई, धंद्याची वेळ आहे."

"असू दे. माझा रविवार आहे."

"तुमच्या घरचा मामला आहे, मला कशाला मधे घेता?"

"काल मी उभी होते तुमच्यासमोर. मी काय मागितलं?"

पप्पूशेठने खांदे उडवले.

"शेठ, मी काय मागितलं? आठवतंय का? एक शब्द सांगा."

त्याला सांगता येईना. ती थांबून राहिली, वर्गात पाढा विसरलेल्या पोरापुढे थांबायची तशी. पण पोराचा तिला कधी एवढा राग आला नव्हता.

अर्ध्या तासात निरगुडसरचे गेणभाऊ आले. त्यांची नात तिच्याच वर्गात होती. मुलीच्या लग्नात द्यायला टेप हवा होता. पप्पूशेठने त्यांना वॅटांचा आकडा सांगायला सुरुवात केली आणि दारातून हिराचा आवाज आला, तीस पोरांच्या वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "गेणभाऊ, तो आकडा खोटा असतो. आधी आवाज ऐका, घरातल्या खोलीएवढ्यात. आणि बिल कुणाच्या नावावर होतंय ते बघून घ्या."

"काय झालं बाई?" गेणभाऊंनी विचारलं.

तिने सांगितलं. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. त्यांच्यामागून दोन बाया आल्या, त्यांनाही सांगितलं. नंतर आलेल्या एका कंडक्टरलाही. प्रत्येक वेळी सांगताना तिचा राग ओसरायच्या ऐवजी वाढत होता, आणि तिला त्याचं आश्चर्य वाटत होतं. इतकी वर्षं हा सगळा कुठे साठला होता? सणाला गेलं की दादाच्या ताटाशेजारी उभं राहून वाढायचं, स्वतःच्या बदलीचा अर्ज त्याला विचारून करायचा, मोकळ्या सुट्ट्या त्याच्या कांदाकाढणीला द्यायच्या, आणि वर 'हिरा लई समजूतदार' म्हणून घ्यायचं.

साडेअकराला पप्पूशेठ घामाघूम होऊन म्हणाला, "थांबा, मी भाऊंनाच फोन लावतो." आळ्याला सावळेरामाच्या घरी नुकताच फोन बसला होता. दोन वाक्यं बोलून त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"हिरे, काय येडबीड लागलं का तुला?" सावळेरामाचा आवाज एवढा मोठा की गेणभाऊंनाही ऐकू गेला. "दुकानात बसून तमाशा करतीस?"

"यात्रेचं मला का सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? घरातलीच वस्तू. गावात शब्द दिलाय मी, औंदा बाजा-माईक आपल्याकडनं. आपल्या बापाला ह्या गावानं कदी मानानं बसवलं नाय, मेंढक्या म्हणून. तुला कळत नाय का?"

वडील पारावर कधी बसत नसत, खालीच घोंगडी टाकून बसायचे, हे तिला आठवत होतं. पण तिने रिसीव्हर घट्ट धरला. "मग तू तुझा घे. माझ्या पैशानं कशाला? मला मागितलं असतंस तरी एक बात होती."

"आन् तुला गं यवढं काय पायजे गाण्याचं? तिथं खोलीत ऐकायला तुझं हाय कोन?"

"मी हाय," हिरा म्हणाली. शाळेतली भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती. "मी हाय न्हवं? मी ऐकणार हाय. माझं घर हाय, माझं कान हायत. तुला मी मानूस म्हणून दिसत न्हाई का रं दादा?"

पलीकडून "काय करायचं ते कर," आणि फोन आपटल्याचा आवाज.

तिने रिसीव्हर पप्पूशेठला परत दिला. "ऐकलंत ना? करा."

जुनं बिल फाडलं गेलं. नवं लिहिताना त्याने विचारलं, "नाव?" आणि तिने वडिलांच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षरन् अक्षर. पण वस्तू बांधून द्यायला तो उठला तेव्हा ती म्हणाली, "थांबा. अजून मी ऐकलेलं नाही."

दुकानात छोटे जोड तीन होते, प्रत्येकाबरोबर त्याचं छोटं मशीन. तिने तिन्ही खाली काढायला लावले. दोन स्टुलं मागवली, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली, वीत स्वतःच्या हाताने मोजली, आणि समोर खुर्ची टाकून बसली. काल ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तो काळा जोड आधी लावला. तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. म्हणजे तिची निवडही चुकलीच होती, आणि कालच तो खाली काढून ऐकू दिला असता तर हे कालच कळलं असतं. दुसऱ्यात डग्गा सुजल्यासारखा यायचा. तिसरा रंगाने तपकिरी, त्यावर एकही दिवा नाही, धूळ खात पडलेला. तो लावला आणि तंबोऱ्याच्या तारा एकेक करून सुट्या झाल्या. बाई गायला लागली. घसा थोडा खरखरीत होता, वयाचा. मोठ्या मशीनमध्ये ते मुळीच कळलं नव्हतं. उजव्या बॉक्समधून मात्र बारीक खरखर येत होती.

"हा एक खराब आहे. दुसरं खोकं फोडा."

"बाई, एवढंसं चालतं."

"मला चालत नाही."

त्याने फोडलं. ती पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसली. गेणभाऊ टोपी काढून शेजारच्या बाकावर बसले होते, तेही ऐकत होते. आवाज आता स्वच्छ होता. हवा होता तसाच. पण पुण्यात अश्विनीच्या खोलीत जे झालं होतं ते झालं नाही. तिला वाटलं, एवढीशी गोष्ट मागितली तर तीसुद्धा हिसकावून घ्यायला लावली या लोकांनी, आणि हिसकावताना तिची गोडी गेली. त्याबद्दल तिला सगळ्यांत जास्त राग आला. आदल्या दिवशीच्या फसवणुकीपेक्षाही जास्त.

"हाच," ती म्हणाली.

आठवड्याने, भर दुपारी, सावळेराम चाळीत आला. बाजार समितीत कांद्याची गाडी आणली होती, म्हणाला. दारातच उभा राहिला. ओट्यासमोरच्या फळीवर तपकिरी जोड होता, त्याकडे त्याने पाहिलं.

"यवढ्याशासाठी?" तो म्हणाला.

"बस. चहा टाकते."

"चहा प्यायला न्हाई आलो. वहिनी तुझी रडतीय. गावात मी काय तोंड दाखवू?"

"भाड्यानं आण की बाजा. नारायणगावात मिळतो."

"फॉर्म भरायला मी आलो व्हतो तवा..."

"आला होतास," हिरा म्हणाली. स्टोव्हकडे पाठ करून ती त्याच्यासमोर उभी राहिली. "दिवसभर उपाशी बसला होतास पायरीवर. मला सगळं ठावं हाय. म्हणून सतरा वर्षं मी तुझ्यापुढं तोंड उघडलं नाही. आता अजून किती वर्षं, ते सांग. आकडा सांग, म्हणजे मलाही बरं."

ऊन त्याच्या पाठीवर होतं, चेहरा नीट दिसत नव्हता. तिला एकदा वाटलं, हा आता आत येईल, खाटेवर बसेल. बसला असता तर तिने एक कॅसेट लावली असती. पण तो वळला आणि पायऱ्या उतरून वखारीच्या अंगाने निघून गेला. चहाला उकळी आली होती. तिने तो गाळला, एकटीनेच प्यायला, आणि त्याच्यासाठी काढलेली कपबशी पुन्हा मांडणीवर पालथी घातली.

यात्रेला त्याने नारायणगावाहून भाड्याचा बाजा आणला. तिला बोलावणं आलं नाही. ती तरीही गेली, नारळ फोडला, भावजयीशी चार शब्द बोलली आणि दुपारच्या एसटीने परत आली. पारावर पांढरा फेटा बांधून पाटलांच्या शेजारी बसलेला सावळेराम तिला लांबून दिसला. बरा दिसत होता फेट्यात. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं आणि त्याच वेळी ती पाय जमिनीत रोवून उभी राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मंचर येईपर्यंत तिने मनातल्या मनात त्याच्याशी आणखी दोनदा भांडण केलं, आणि दोन्ही वेळा शेवटी तीच बोलत होती.